आपणहून घरात आलेलं जनावर

माणसाने पाळलेल्या जनावरांची यादी केली तर जवळपास प्रत्येकाच्या नावापुढे एक काम लिहिता येतं. गाय-म्हैस दुधाला, बैल शेताला, घोडा-गाढव ओझ्याला, कुत्रा राखणीला. ही जनावरं माणसाने धरली, बांधली आणि पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढवली. मांजराला मात्र कोणी धरून आणलं नाही. ते उंदीर मारायचं ते स्वतःच्या पोटासाठी, आणि उंदीर माणसाच्या कोठारात होते म्हणून ते तिथे आलं.

घरात मांजर असलेल्या माणसाला ते आजही कोड्यात टाकतं. मऊ गादी सोडून पुठ्ठ्याच्या खोक्यात झोपतं, मांडीवर बसून पंजे दाबत राहतं, पहाटे सगळ्या घरभर धावतं, हाक मारली तर नुसते कान हलवून पडून राहतं. या प्रत्येक वागण्याला कारण आहे आणि बहुतेक कारणं त्याच्या रानातल्या पूर्वजापर्यंत जाऊन पोचतात. ती माहीत नसल्यामुळे चांगल्या घरांतली, लाडाची मांजरंही आजारी पडतात, मरतात. म्हणून ती नीट समजून घ्यावीत असं मला मनापासून वाटतं.

धान्य, उंदीर आणि मांजर

आजचा इस्रायल, सीरिया, दक्षिण तुर्कस्तान आणि इराक या पट्ट्यात माणूस सुमारे 10 ते 12 हजार वर्षांपूर्वी गहू आणि सातू पिकवून साठवू लागला. घरउंदीर तिथे त्याच्याही आधी आला होता. माणसाच्या वस्त्या एका जागी स्थिरावू लागल्या तेव्हापासूनच, म्हणजे सुमारे 15 हजार वर्षांपासून, त्याचे दात त्या वस्त्यांच्या उत्खननांत सापडतात. कोठारं भरू लागली तशी उंदरांची संख्या वाढली आणि त्यांच्या मागावर आसपासच्या माळरानातलं, अर्धवाळवंटातलं रानमांजर वस्तीच्या कडेला फिरू लागलं. शास्त्रीय भाषेत त्याचं नाव फेलिस लिबिका. अंगाने घरमांजराएवढंच, मातकट रंगाचं, पायांवर पुसट पट्टे असलेलं हे जनावर एकट्याने शिकार करणारं आहे.

जी रानमांजरं माणसाची चाहूल लागताच पळून जात, त्यांना उंदीर कमी मिळत. जी थोडी धीट होती, माणूस दहा पावलांवर असतानाही दबा धरून बसू शकत होती, त्यांची पोटं भरत आणि त्यांची पिल्लं जगत. अशा शेकडो पिढ्यांनंतर माणसाला न भिणारं मांजर तयार झालं. माणसाने यात केलं ते इतकंच की त्याला हाकललं नाही.

कार्लोस ड्रिस्कॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 साली जवळजवळ हजारभर घरमांजरं आणि रानमांजरं यांची जनुकं ताडून पाहिली. जगभरच्या घरमांजरांचं मूळ पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतल्या या एकाच पोटजातीत निघालं. रानमांजरं तर अनेक देशांत आहेत. महाराष्ट्रात उसाच्या फडांत राहणारं बाऊलही वस्तीच्या जवळच वावरतं आणि शेतातल्या उंदरांवरच जगतं, पण ते आजही पूर्ण रानटी आहे. चीनमध्ये तर हा प्रयोग अर्धा होऊन थांबला. तिथल्या शेतकऱ्यांच्या वस्त्यांत 5000 वर्षांपूर्वीची मांजराची हाडं मिळाली तेव्हा ती घरमांजराची मानली गेली होती. नीट तपासल्यावर ती बिबट मांजराची, म्हणजे ज्याला आपल्याकडे वाघाटी म्हणतात त्याची निघाली. वाघाटी तिथे उंदरांमागे आली, दीर्घकाळ माणसांच्या आसपास राहिली आणि परत रानात गेली. तिची जागा पुढे व्यापारी मार्गांनी आलेल्या घरमांजराने घेतली.

सायप्रसची कबर

सायप्रस बेटावर शिलूरोकांबोस नावाचं नवाश्मयुगीन गाव आहे. फ्रेंच पुरातत्त्वज्ञ झाँ-दनी विन्य यांनी तिथल्या एका कबरीची हकिकत 2004 साली प्रसिद्ध केली. कबर सुमारे 9500 वर्षांपूर्वीची. एका माणसाचा सांगाडा, त्याच्यासोबत घडवलेली दगडी हत्यारं, शिंपले, आणि जेमतेम 40 सेंटिमीटरवर, स्वतंत्र छोट्या खड्ड्यात, साधारण आठ महिन्यांच्या मांजराचा संपूर्ण सांगाडा. त्याला कापलेलं किंवा खाल्लेलं नव्हतं. काळजीपूर्वक पुरलेलं होतं.

सायप्रसवर मुळात रानमांजरं नव्हती. म्हणजे कोणीतरी ते किंवा त्याचे आईबाप होडीतून समुद्रापार आणले होते. ईजिप्तच्या पिरॅमिडांच्याही कित्येक हजार वर्षं आधी, ज्या काळात मांजराची हाडं रानमांजरापेक्षा वेगळी ओळखूही येत नाहीत, त्या काळात एका मांजराला माणसाशेजारी जागा मिळाली. पाळीवपणा हाडांत दिसू लागण्याच्या फार आधी नात्यात सुरू होतो, याचा इतका स्पष्ट पुरावा दुसऱ्या कुठल्या जनावराबाबत मला ठाऊक नाही.

बुबास्टिस ते महाबलीपुरम

ईजिप्तमध्ये मांजर घराच्या आतपर्यंत गेलं. थडग्यांच्या भिंतींवर ते खुर्चीखाली बसून मासा खाताना दिसतं. मांजराच्या रूपातल्या बास्टेट देवीचं नगर बुबास्टिस इथे तिची मोठी जत्रा भरे आणि घरातलं मांजर मेलं की माणसं भुवया काढत, असं इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हिरोडोटसने नोंदवलं आहे. या भक्तीची दुसरी बाजूही होती. देवीला वाहण्यासाठी मांजरं मुद्दाम वाढवून मारली जात. त्यांच्या ममी इतक्या प्रचंड संख्येने होत्या की 1890 मध्ये त्यांतल्या सुमारे 19 टन ममी लिव्हरपूलला आणून खत म्हणून विकल्या गेल्या.

धान्याच्या आणि मालाच्या जहाजांवर उंदीर असत, म्हणून मांजरही असे. 2025 साली प्रसिद्ध झालेल्या प्राचीन जनुकांच्या अभ्यासानुसार युरोपातल्या घरमांजरांचे पूर्वज सुमारे 2000 वर्षांपूर्वी उत्तर आफ्रिकेतून तिकडे गेले. मांजराचा जगभरचा प्रवास प्रामुख्याने बंदराबंदरांतून झाला आहे.

आपल्या उपखंडातला एक पुरावा फार बोलका आहे. सिंधमधल्या चान्हुदारो या हडप्पाकालीन गावात 1935-36 मध्ये अर्नेस्ट मॅके यांना एक वीट मिळाली. ती ओली असताना तिच्यावरून एक मांजर धावत गेलं होतं आणि त्यामागोमाग एक कुत्रा. दोघांच्या पावलांचे ठसे एकमेकांवर उमटले आहेत. त्यानंतर हजारो वर्षांनी, सातव्या शतकात, महाबलीपुरमच्या शिल्पकाराने भव्य खडकावर तपश्चर्येचं दृश्य कोरताना एका कोपऱ्यात पुढचे पाय वर करून तप करणारं मांजर घातलं आणि त्याच्या पायाशी उंदीर. पंचतंत्र आणि हितोपदेशातही मांजर असंच साधूच्या वेषात भेटतं. कथाकारांनी आणि शिल्पकारांनी त्याला ढोंगी ठरवलं हे मला अन्यायाचं वाटतं, पण त्यांचं निरीक्षण अचूक आहे. शिकारीआधी मांजर खरोखरच डोळे अर्धे मिटून, निश्चल बसतं.

माणसाळलं किती?

कुत्र्याशी तुलना केली की मांजराचं वेगळेपण उमगतं. कुत्रा किमान 15 हजार वर्षं माणसासोबत आहे. तो कळपात राहणाऱ्या लांडग्यापासून आला, त्यामुळे मोठ्याचं ऐकणं आणि त्याच्या नजरेवर लक्ष ठेवणं हे त्याच्या रक्तातच होतं. माणसाच्या पानातली भाकरी पचावी म्हणून पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या जनुकाच्या प्रतीही त्याच्यात लांडग्यापेक्षा कितीतरी वाढल्या, हे 2013 साली स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं.

मांजराचा जनुकसंच 2014 साली तपशिलात वाचला गेला तेव्हा रानमांजराशी त्याचा फरक थोडाच निघाला. भीती, स्मरण आणि बक्षिसाची ओढ यांच्याशी निगडित काही जनुकांत बदल आहेत, कवटी थोडी लहान झाली आहे, अंगावर पांढरे डाग आले आहेत. नोवोसिबिर्स्कमध्ये 1959 साली दिमित्री बेल्यायेव यांनी कोल्ह्यांची केवळ सौम्य स्वभावावर निवड सुरू केली, तेव्हा काही पिढ्यांतच पांढरे ठिपके, लोंबते कान, वळलेल्या शेपट्या दिसू लागल्या. मांजराने यातले पांढरे ठिपके तेवढे घेतले. कान ताठ राहिले, दात तसेच राहिले, शिकारीची सगळी हत्यारं शाबूत राहिली.

मांजराच्या जाती तर कालपरवाच्या आहेत. पहिलं मोठं मांजर-प्रदर्शन लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये 1871 साली भरलं आणि दिसण्यासाठी जोड्या लावण्याची पद्धत खऱ्या अर्थाने त्यानंतर रुजली. त्यातून चपट्या नाकाचं पर्शियन आलं, ज्याला श्वास घ्यायला आणि अश्रू वाहून जायला पुरेशी जागाच नसते. दुमडलेल्या कानांचं स्कॉटिश फोल्डही त्यातूनच आलं. त्याचे कान ज्या दोषामुळे दुमडतात तोच दोष त्याच्या सांध्यांतल्या कूर्चेतही असतो. मुंबईच्या दमट उकाड्यात लांब केसांचं, चपट्या तोंडाचं मांजर विकत आणणं मला पटत नाही. आपल्या चाळीत, मासळी बाजारात, सोसायटीच्या आवारात वाढलेली मांजरं या हवेसाठी घडलेली आहेत आणि त्यांना घरांची गरजही आहे.

दोन ते सात आठवडे

मांजर जन्मतः माणसाळलेलं नसतं. पिल्लू दोन ते सात आठवड्यांचं असतानाचा काळ निर्णायक असतो. त्या दिवसांत माणसांचे हात, आवाज, वास त्याच्या वाट्याला आले तर ते आयुष्यभर माणसांत रमतं. ती संधी हुकली तर तेच पिल्लू, त्याच घरमांजराच्या पोटचं असूनही, रानटी राहतं. प्रत्येक पिढीत माणूस आणि मांजर यांची ओळख नव्याने व्हावी लागते. म्हणून माळ्यावर व्यालेल्या मांजरीच्या पिल्लांना रोज थोडा वेळ हातात घ्यावं, पण आईपासून तोडू नये. आठ आठवड्यांच्या आत तोडलेली पिल्लं पुढे भित्री किंवा चावरी होण्याचा संभव जास्त.

मांजर पिल्लांना सात घरं फिरवते असं आपल्याकडे म्हणतात. घरांचा आकडा सोडला तर निरीक्षण खरं आहे. एकाच जागी पिल्लं राहिली की तिथे वास साठतो आणि तो वास कुत्र्याला, परक्या बोक्याला वाट दाखवतो. परका बोका पिल्लं मारतो, कारण दूध तुटलं की मांजरी लवकर पुन्हा माजावर येते. म्हणून ती जागा बदलत राहते. मानगूट धरून उचलताच पिल्लू अंग सैल सोडतं, पाय पोटाशी घेतं. दक्षिणेतल्या श्रीवैष्णव आचार्यांनी याच दृश्यावरून मार्जारकिशोरन्याय मांडला: माकडाचं पोर आईला स्वतः घट्ट धरून ठेवतं, मांजरीचं पिल्लू मात्र सगळा भार आईवर टाकतं, आणि तेंगलै पंथाच्या मते भक्ताने पिल्लासारखं असावं. ही प्रतिक्षिप्त क्रिया पिल्लांपुरतीच सोयीची आहे. मोठ्या मांजराला मानगुटीने उचललं तर सगळं वजन कातडीवर येतं आणि ते घाबरतं, म्हणून त्याला छातीखाली आणि मागच्या पायांखाली हात देऊनच उचलावं.

माणसासाठी राखलेला आवाज

पिल्लू आईला हाक मारताना म्याव करतं. मोठी मांजरं आपसांत गुरगुरतात, फिस्कारतात, अंगाला अंग घासतात, पण म्याव क्वचितच करतात. तो आवाज ती माणसासाठी राखून ठेवतात. प्रत्येक घरातलं मांजर आपल्या माणसावर कुठला स्वर चालतो हे शोधून काढतं, त्यामुळे दार उघडण्याचं म्याव आणि खाण्याचं म्याव त्याच घरातल्या माणसांना वेगळं ओळखू येतं.

घुरघुरण्याची गोष्ट याहून गहन आहे. ससेक्स विद्यापीठाच्या कॅरन मॅककोम्ब यांनी 2009 साली दाखवलं की खायला मागताना मांजराच्या घुरघुरीत एक उंच पट्टीचा स्वर मिसळलेला असतो आणि तो रडणाऱ्या तान्ह्या बाळाच्या आवाजाच्या पट्टीजवळ जातो. ज्यांनी कधी मांजर पाळलेलं नाही त्यांनाही ती घुरघुर जास्त निकडीची वाटली. मांजर समाधानात घुरघुरतं तसं वेदनेत आणि प्रसूतीतही घुरघुरतं, म्हणून आजारी मांजर घुरघुरतंय यावरून ते बरं आहे असं समजू नये.

ते आपलं नाव ओळखतं का? टोकियोच्या सोफिया विद्यापीठातल्या आत्सुको साइतो यांनी 2019 साली घरांतल्या आणि कॅट कॅफेतल्या मांजरांना सारख्या लयीचे इतर शब्द ऐकवून मग त्यांचं नाव ऐकवलं. घरांतल्या मांजरांनी नाव ऐकताच कान-डोकं हलवलं. म्हणजे त्यांना कळतं. उठून येणं ही वेगळी गोष्ट आहे. एकट्याने जगणाऱ्या पूर्वजाला हाकेला धावून जाण्याची गरज कधी पडलीच नव्हती. त्याच्याशी बोलायचं असेल तर त्याच्याकडे पाहत डोळे सावकाश मिटावे आणि उघडावे. 2020 सालच्या एका ब्रिटिश अभ्यासात असं केल्यावर मांजरांनी तसेच डोळे मिटून उत्तर दिलं आणि अनोळखी माणसाजवळही ती अधिक सहजपणे गेली. रोखून पाहणं त्याच्या लेखी धमकी असते.

मांडी, खोकं आणि पहाट

मांडीवर पंजे दाबणं ही तान्हेपणाची सवय. पिल्लू आईचं दूध उतरावं म्हणून स्तनाभोवती पंज्यांनी दाबतं. रानात ती सवय वयाबरोबर सुटते, घरात ती टिकते, कारण जेवू घालणारं कोणीतरी आयुष्यभर असतं.

खोक्यात बसणं हे लपण्याचं काम आहे. मांजर शिकारी आहे, पण लहान शिकारी आहे. त्यालाही कोल्हा, गरुड, लांडगा खाऊ शकतो. तिन्ही बाजूंनी आडोसा आणि समोरून येणारं सगळं दिसेल अशी जागा त्याला निर्धास्त करते. नेदरलँड्समधल्या एका निवाऱ्यात नव्याने आलेल्या मांजरांपैकी ज्यांना खोकी दिली ती लवकर स्थिरावली, असं 2014 साली आढळलं. घरात नवीन मांजर आणलं तर महागडी खेळणी घेण्याआधी एक रिकामं खोकं आडवं ठेवावं, आणि कपाटावर चढायची वाट मोकळी ठेवावी.

पहाटेची आणि तिन्हीसांजेची धावपळ उंदरांच्या वेळापत्रकाने ठरली आहे. उंदराची बरीचशी ची-ची आपल्या कानांना ऐकूच येत नाही इतक्या उंच पट्टीत असते. मांजराचा कान ती टिपतो. रानमांजर दिवसाकाठी दहा-बारा वेळा थोडंथोडं खातं, त्यामुळे घरमांजरालाही दोनदा भरपेट वाढण्यापेक्षा चार-पाच वेळा थोडं देणं आणि झोपण्याआधी दोरीच्या मागे पळवून दमवणं जास्त मानवतं. त्याने पहाटेची हाक पुष्कळ कमी होते.

गाल दारावर, पायांवर घासणं म्हणजे वासाची खूण ठेवणं. मांजराचं घर वासाने बांधलेलं असतं. त्याच्या मातीच्या पेटीभोवती उग्र वासाचं काही शिंपडलं की ते पेटी सोडून दुसरीकडे जातं आणि आपण त्याला हट्टी ठरवतो.

खोकलीचं मूळ

परदेशी लेखांत मांजरांना धुंद करणाऱ्या कॅटनिप या वनस्पतीचं कौतुक वाचायला मिळतं. आपल्याकडे त्याच जातीचा अनुभव हवा असेल तर परसातली खोकली उपटावी. पावसाळ्यात कुठेही उगवणाऱ्या या तणाचं ताजं मूळ उघडं पडलं की बरीच मांजरं धावत येतात, मुळाला तोंड घासतात, लोळतात. तमिळमध्ये तर या झाडाचं एक नावच मांजराच्या वंदनावरून आहे. कॅटनिपसारख्याच सिल्व्हर वाइन या वनस्पतीबद्दल जपानच्या इवाते विद्यापीठातल्या संशोधकांनी 2021 साली सुंदर गोष्ट दाखवली: अशा वनस्पतींत लोळल्याने मांजराच्या अंगाला जो अर्क लागतो तो डासांना दूर ठेवतो. तासन्‌तास एका जागी दबा धरणाऱ्या शिकाऱ्याला याचा उपयोग उघड आहे.

तीन रंगांची मांजर

पांढरा, काळा आणि नारिंगी असे तिन्ही रंग अंगावर असलेलं मांजर जवळपास नेहमी मादी असतं. नारिंगी की काळा हे ठरवणारं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. मादीकडे दोन एक्स असतात, बोक्याकडे एक. गर्भाच्या सुरुवातीच्या काळात मादीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स निजवलं जातं. कुठलं निजेल याला नियम नाही. एका पेशीत नारिंगीवालं जागं राहतं, शेजारच्या पेशीत काळंवालं, आणि त्या पेशींची प्रजा पसरून अंगावर चट्टे उमटतात. मेरी लायन यांनी 1961 साली मांडलेलं हे तत्त्व स्त्रीच्या देहालाही लागू आहे. ते डोळ्यांनी दिसतं मात्र मांजरीच्या पाठीवर.

टेक्सासमध्ये 22 डिसेंबर 2001 रोजी जगातलं पहिलं क्लोन केलेलं मांजर जन्मलं. त्याची मूळ मांजर तिरंगी होती, पण क्लोनच्या अंगावर नारिंगी रंगच आला नाही, कारण ज्या एका पेशीतून ते घडवलं तिच्यात नारिंगीवालं एक्स निजलेलं होतं. आपल्या मेलेल्या मांजराची हुबेहूब प्रत मिळेल अशी आशा धरणाऱ्यांना याहून स्पष्ट उत्तर मिळणार नाही.

जिभेला गोड कळत नाही

मांजर श्रीखंडाचं भांडं चाटतं ते साखरेसाठी नसतं, दह्यातल्या स्निग्धांशासाठी असतं. गोड चव ओळखायला जी दोन जनुकं लागतात त्यांतलं एक मांजरात निकामी आहे, हे फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेत 2005 साली समजलं. वाघ आणि चित्त्यातही ते तसंच निकामी आहे. लाखो वर्षं निव्वळ मांस खाणाऱ्या कुळाला गोडाची गरजच उरली नव्हती.

याच मांसाहाराने त्याच्या शरीरातून आणखी काही काढून घेतलं. टॉरिन नावाचा घटक ते स्वतः पुरेसा बनवू शकत नाही, तो मांस-मासळीतूनच मिळतो. तो कमी पडला तर डोळ्याचा पडदा झिजून अंधत्व येतं आणि हृदय सैल पडतं. हृदयाचा हा संबंध पॉल पायन यांनी कॅलिफोर्नियात 1987 साली दाखवला आणि त्यानंतर तयार खाद्यांत टॉरिन वाढवलं गेलं. आपल्या कित्येक घरांत मांजर दूध-पोळीवर वाढवलं जातं. प्रेम खरं असतं, पण बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही, आणि पोळीत त्यांना लागणारं जवळजवळ काहीच नसतं. घर शाकाहारी असेल तर निदान तयार खाद्य आणावं. तेही शक्य नसेल तर मांजर पाळू नये, असंच मी सांगेन.

वनस्पती न खाणाऱ्या प्राण्याला वनस्पतीतली विषं मोडण्याचं यंत्रही लागत नाही. आपल्या यकृतात ते आहे, मांजराच्या यकृतात त्याचा महत्त्वाचा भाग निकामी झाला आहे. म्हणून माणूस तापावर घेतो ती पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. फिनेलचंही तसंच. पुसलेल्या फरशीवरून मांजर चालतं, मग पंजे चाटतं. ज्या घरात मांजर आहे तिथे फरशी साध्या साबणाच्या पाण्याने पुसावी. कांदा-लसूण घातलेला रस्सा त्याच्या तांबड्या पेशी फोडतो. फुलांच्या गुच्छात येणारी लिली तर मूत्रपिंडं बंद पाडते, आणि नुसते परागकण चाटूनही ते घडू शकतं. कुत्र्यांसाठीची परमेथ्रिनयुक्त गोचीड-औषधं मांजराला कधीच लावू नयेत.

खिडकी आणि चावा

उंचावरून पडलेलं मांजर हवेत अंग फिरवून पायांवर उतरतं, हे एत्येन-ज्यूल मारे यांनी 1894 साली छायाचित्रांच्या मालिकेतून सिद्ध केलं. आधी पुढचं धड वळतं, मग मागचं. पण पायांवर उतरणं म्हणजे सुखरूप उतरणं नव्हे. न्यूयॉर्कच्या एका पशुरुग्णालयात 1984 साली पाच महिन्यांत इमारतींवरून पडलेली 132 मांजरं आणली गेली. त्यांतली बहुसंख्य वाचली, पण छाती, जबडा, पाय यांना इजा होतीच, आणि जागीच मेलेली मांजरं त्या हिशेबात आलेलीच नाहीत. मुंबई-पुण्याच्या इमारतींत मांजर पाळायचं तर खिडक्यांना आणि गॅलरीला जाळी बसवणं हा पहिला खर्च असावा.

मांजराचा चावा किंवा ओरखडा किरकोळ समजू नये. मांजरालाही रेबीज होतो. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवावी आणि लगेच डॉक्टरकडे जावं. गर्भवतीने मांजराची मातीची पेटी स्वतः साफ करू नये, घरातल्या दुसऱ्याने ती रोज साफ करावी. विष्ठेतल्या, गर्भाला अपाय करू शकणाऱ्या टॉक्सोप्लाझ्माच्या जंतूंना संसर्गक्षम व्हायला किमान एक दिवस लागतो, त्यामुळे रोजची सफाई पुष्कळ धोका टाळते. मांजर घराबाहेर घालवण्याची गरज नसते.

तहान कमी, दुखणं मूक

कळपातल्या जनावराने दुखणं दाखवलं तर सोबती थांबू शकतात. एकट्याने जगणाऱ्याने दाखवलं तर फक्त शत्रूला कळतं. म्हणून मांजर दुखणं लपवतं. ते ओरडत नाही. कोपऱ्यात जास्त वेळ बसतं, अंग चाटणं सोडतं, उंच उडी टाळतं, खाताना मान वाकडी करतं. एक-दोन दिवस न खाणं हेच त्याच्यासाठी गंभीर आहे. अंगाने भरलेल्या मांजरात उपाशीपणामुळे चरबी यकृतात साठते आणि तोच स्वतंत्र आजार होतो.

सगळ्यांत जास्त जपावं लागतं ते लघवीला. कोरड्या प्रदेशातला पूर्वज पाणी बहुतेक उंदराच्या शरीरातूनच मिळवत असे. त्याची तहान मंद होती आणि लघवी फार घट्ट. घरमांजराने दोन्ही गुण जसेच्या तसे घेतले, पण आता त्याच्या वाडग्यात कोरडे दाणे असतात. म्हणून शिजवलेली मासळी किंवा कोंबडी त्याच्या पाण्यासकट द्यावी, दाणे दिले तर सोबत ओलं खाद्यही द्यावं. पाण्याची भांडी जेवणापासून दूर, घरात दोन-तीन ठिकाणी, पसरट आणि रोज विसळलेली असावीत. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते. तिच्यात खडे किंवा गाळ अडकला तर तो पेटीत वारंवार बसतो, कण्हतो, मागचा भाग चाटत राहतो आणि थेंबच येतो किंवा तोही येत नाही. घरातली माणसं त्याला बद्धकोष्ठ समजून तेल पाजत बसतात. लघवी पूर्ण अडली तर दोन-तीन दिवसांत मृत्यू ओढवतो, म्हणून सकाळपर्यंत वाट न पाहता त्याच रात्री त्याला पशुवैद्याकडे न्यावं.